ग्रुप मीच काढला, आता मीच बाहेर पडू का?

(मेल बराच लांब होता. ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलून थोडक्यात देते.)

लिहिणारी ३१ वर्षांची आहे, नागपूरची, आईबाबांसोबत राहते, घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. आपण ऑटिस्टिक आहोत, म्हणजे आपल्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी आहे, हे तिला २९ व्या वर्षी कळलं. मग वर्षभर ती इंग्रजीतल्या एका ऑनलाईन ग्रुपवर नुसती वाचत राहिली, तिथेच तिला दोन मराठी मुली अन् एक मुलगा सापडला, चौघांनी मिळून व्हॉट्सअॅपवर मराठी बोलणाऱ्या मोठ्या ऑटिस्टिक माणसांसाठी ग्रुप काढला. ११ जण होते तोवर स्वर्ग होता म्हणते. मग कोणीतरी लिंक पुढे पाठवली. आज १४० जण आहेत, अर्ध्याहून जास्त ऑटिस्टिक मुलांचे आईवडील. दिवसभर प्रश्न येतात: मुलगा सहा वर्षांचा आहे, बोलत नाही, मोठा होऊन तुमच्यासारखा होईल का, तुम्हाला कशाने फरक पडला, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट कुठे काढायचं. ती एकेकाला उत्तर देत बसते, रात्रीचे दोन वाजतात. मागच्या महिन्यात एका मुलाने ऑफिसात आपला मेल्टडाऊन झाला (ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटला) ते लिहिलं, अन् एका आईने त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर टाकला, "मोठेपणी असं होतं बघा" म्हणून. तो त्याच रात्री ग्रुप सोडून गेला. पहिल्या ११ मधले आता ५ उरलेत. घरी आई म्हणते, "काहून दिवसभर त्या मोबाईलमधे घुसून राह्यते, खऱ्या माणसांत बसत जा." तर तिचे प्रश्न असे की ग्रुप बंद करू, की मी बाहेर पडू? पालकांना काढलं तर मी स्वार्थी का? आणि आई म्हणते ते खरं आहे का? सही केलीये "छोटी लाईन".

प्रिय छोटी लाईन,

सही पाहून आधी हसू आलं, कारण इतवारीहून नागभीडला जाणाऱ्या त्या छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत मीही बसलेय, उतरून पायी निघालो तर गाडीच्या आधी पोहोचू असं डब्यातला प्रत्येक जण म्हणायचा अन् तरी उतरत कोणी नव्हतं. तुला तू म्हणते, चालेल ना? तूही मला ताईच म्हटलंयस.

तुझा मेल मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन, अन् एका शब्दाखाली रेघा मारत गेले. पहिल्या पानावर तू लिहिलंयस, "त्या ११ जणांत मला काहीच समजावून सांगावं लागायचं नाही." म्हणजे मिक्सर चालू झाला की दुसऱ्या खोलीत काहून जातो, फोनची रिंग वाजली की पोटात गोळा काहून येतो, दोन दिवस कोणाशी बोलले नाही म्हणजे रागावले नाही, हे काही सांगायची गरजच नाही, सगळ्यांना माहीतच. अन् शेवटच्या पानावर येईपर्यंत "समजावलं", "समजावून सांगितलं", "परत समजावलं" असं मी मोजून नऊ वेळा वाचलं. ग्रुप बंद करू का विचारतेस, पण मला वाटतं तो केव्हाच बंद पडलाय. त्याच नावाखाली, त्याच डीपीखाली दुसराच एक चालून राहिलाय, अन् त्याची तू बिनपगारी हेल्पलाईन आहेस. तेव्हा प्रश्न बंद करायचा नाहीच आहे, जी जागा होती ती परत उभी करायची का हा आहे, अन् तुझ्या मेलवरून तरी उत्तर हौच दिसतं.

आता स्वार्थाचं. आमची भिशी आहे, सतरा वर्षं झाली, बारा जणी. तेरावी आली अन् म्हणाली मलाही घ्या, तर आम्ही काय म्हणतो? पुढच्या फेरीत बघू. कोणी तिला वाईट म्हणत नाही अन् आम्हाला कोणी स्वार्थी म्हणत नाही, कारण बाराचं गणित सगळ्यांना कळतं, तेरावी मधेच घुसली तर कोणाचा नंबर कुठे गेला काही पत्ता लागणार नाही. पण व्हॉट्सअॅपवर गेलो की आपल्याला काय होतं कोण जाणे, जितके जास्त तितकं चांगलं वाटतं, १०० झाले की कोणीतरी अभिनंदन टाकतो, अन् दार लावायचं म्हटलं की पाप केल्यासारखं. तुझा ग्रुप वाढला हे यश आहे असं तू धरून चाललीस. मी नाही धरत. लिंक फिरली इतकंच झालं.

अन् हे भांडण काही तुझ्यापासून सुरू झालेलं नाही बरं का, हे ऐकून तुला जरा हलकं वाटेल. अमेरिकेत १९९२ मध्ये जिम सिंक्लेअर, डोना विल्यम्स अन् कॅथी ग्रँट या तीन ऑटिस्टिक माणसांनी ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल नावाची संघटना काढली. तेव्हा ऑटिझमवर ज्या परिषदा व्हायच्या त्या पालकांच्या अन् तज्ज्ञांच्या, ऑटिस्टिक माणूस तिथे असला तरी तो बघायची वस्तू. लोक येऊन हेच विचारायचे, माझा मुलगा तुमच्यासारखा होईल का. म्हणून त्यांनी ठरवलं की आपली जागा आपण चालवायची. १९९६ मध्ये नेदरलँड्सच्या मार्टिन डेकरने ऑटिस्टिक माणसांसाठी ईमेलवरचा एक गट सुरू केला, तोही ऑटिस्टिक माणसानेच चालवलेला. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, आपल्याकडे तर घरी लँडलाईन आली तरी लोक पेढे वाटायचे, अन् तिकडे ही माणसं लिहून लिहून एकमेकांना सापडत होती, कारण लिहिताना समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही, उत्तर द्यायला दोन दिवस लागले तरी चालतात अन् मधेच कोणी बोलत नाही. ऑनलाईन जागा ऑटिस्टिक माणसांसाठी नाइलाजाची दुय्यम सोय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं की कित्येकांसाठी पहिल्यांदा नीट गप्पा झाल्या त्या अक्षरांतूनच.

पालकांबद्दल मात्र मी तुझ्याइतकी गोंधळलेली नाही अन् तुझ्या त्या दुसऱ्या अॅडमिनइतकी चिडलेलीही नाही (सगळ्यांना एका रात्रीत काढून टाक म्हणतो तो). सहा वर्षांचा मुलगा बोलत नाही, सासू म्हणते आईचं दूध कमी पडलं, शाळा म्हणते आमच्याकडे सोय नाही, त्या बाईला रात्री साडेअकराला फक्त तुझाच नंबर दिसून राहिला असेल तर तिचं काय चुकलं? तिची गरज खरी आहे. पण ती गरज तूच भागवायची, तीही तुझ्या दिवाणखान्यात बसून, हे कुठे लिहिलंय? स्क्रीनशॉट टाकणाऱ्या बाईलाही मी दुष्ट म्हणणार नाही, घाबरलेली होती. पण घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरातली गोष्ट रस्त्यावर नेली तर त्याला परत घरात घेताना विचार करावाच लागतो. तिला काढ. नीट निरोप पाठवून काढ, पण काढ.

बाकीच्यांसाठी असं कर. आहे तो १४० चा ग्रुप तसाच राहू दे, फक्त नाव बदल, "पालक आणि प्रश्न" असं काहीतरी सरळ, अन् अॅडमिनपद दोन-तीन पालकांकडेच दे. तू मला लिहिलेल्या प्रश्नांतले अर्धे दर आठवड्याला तेच ते असतात, त्यांची उत्तरं एकदाच लिहून वर पिन करून ठेव. उदाहरणार्थ इतकं पुरे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत अन् ऑटिझम त्यात आहे, १९९५ च्या कायद्यातल्या सातांत नव्हता. युडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी सरकारी दवाखान्यातल्या बोर्डाकडे, तिथे बहुतेक वेळा ऑटिझम किती आहे ते मोजायची इसा नावाची ४० प्रश्नांची भारतीय पट्टी वापरतात, अन् बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरणाऱ्या पालकांना वजावट मिळते (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी), स्वतः दिव्यांग असलेल्यालाही (तिथेच ८०यू). मूल १८ चं झालं की पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करता येतो, पण तो करायचा की नाही हे प्रत्येकाचं वेगळं, घाई नको. अन् एक ओळ ठळक: स्टेम सेलने ऑटिझम बरा करतो म्हणणारे मेसेज टाकले तर काढून टाकण्यात येईल, २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत असं स्पष्ट सांगितलंय. तू लिहिलंयस की असे दोन एजंट ग्रुपवर आधीच शिरलेत. पालकांच्या ग्रुपमधे ते येणारच, गुळाला मुंगळे.

आणि आता मला सुचलेली एक गोष्ट सांगते, पटली तर घे. या सगळ्या पालकांना खरं काय हवंय? ऑटिस्टिक मूल ३१ वर्षांचं होईपर्यंत सांभाळलेली बाई हवीये. तशी एक तुझ्या स्वयंपाकघरात आहे. तू मेलमधे जाता जाता लिहून गेलीस की आई ओरडते पण मधूनच येऊन विचारते, "ते लोक तुला काय विचारतात गं?" ते वाक्य मी तीनदा वाचलं. तुझ्या निदानानंतर आईशी कोण बोललं? तिला तर तेव्हा "ऑटिझम" हा शब्दही कोणी दिला नव्हता, "हट्टी आहे" अन् "लाडावलीये" इतकंच मिळालं असेल, अन् आता २९ वर्षांनी कळलं की ते तसं नव्हतंच. तिला विचारून बघ, आठवड्यातून एक तास त्या पालकांच्या ग्रुपवर बसशील का. एकच अट आधी ठरवून घे, तुझे किस्से तुला विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत, स्वतःचे सांगावेत, ते भरपूर असतील. नाही म्हणाली तर सोडून दे.

आता तुझी जागा. नवा ग्रुप काढ, अन् यावेळी व्हॉट्सअॅपवर काढू नकोस. तिथे आलेल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, ऑफिसात कोणाला सांगितलेलं नसतं, स्थळं बघणं चालू असतं, अन् मग एखादा ओळखीचा निघतो. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, डिस्कॉर्डवर टोपणनावच चालतं अन् वेगवेगळ्या खोल्या करता येतात, एक नुसत्या गप्पांची, एक ज्याच्या त्याच्या आवडीच्या विषयाची, एक "आज फार झालं" म्हणून सांगायची जिथे कोणी सल्ला द्यायचा नाही. तू छोट्या लाईनीच्या इंजिनांवर लिहिलेल्या लांबच लांब पोस्टला कोणीतरी "मॅडम विषयाला धरून बोला" म्हटलं म्हणतेस. आवडीची खोली असली की तोच विषय असतो, कोणाची बिशाद नाही.

किती जण? मी २० च्या वर जाऊ नको म्हणेन. आत घ्यायचं तर आधीच्या कोणीतरी ओळख द्यायची किंवा तुम्हा दोघा-तिघांशी थोडं लिहून बोलायचं, कसं सापडलात, इथे काय हवंय, दुसऱ्याचं इथलं बाहेर नेणार नाही हे कबूल आहे का, इतकंच. निदानाचा कागद मात्र मागू नकोस. मोठेपणी निदान करून देणारं माणूस शोधायचं, त्याची फी भरायची, घरच्यांना न कळता जायचं, हे किती जणांना जमतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तू स्वतः त्यासाठी पुण्याला तीन चकरा मारल्यास. अन् ज्याला निदानच नाही पण स्वतःला ओळखून राहिलाय असा माणूस खोटा असेल तर महिनाभरात कळतं, खोटेपणा एवढा वेळ टिकत नाही. टेलिग्रामवर मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातील असं सेटिंग ठेवता येतं, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, स्क्रीनशॉट त्याने थांबत नाही. तिथे माणूसच नीट निवडावा लागतो.

आणखी एक, मला फार आवडलेलं. त्याच अमेरिकन संघटनेने १९९६ पासून ऑटरीट नावाची शिबिरं भरवली, तिथे येणारे गळ्यात रंगीत बिल्ले अडकवायचे. लाल म्हणजे आत्ता माझ्याशी कोणीच बोलू नका, पिवळा म्हणजे ओळखीचेच बोला, हिरवा म्हणजे बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. तुमच्या ग्रुपवर तेच नावापुढे एका रंगाचं टिंब लावून करता येईल. लाल टिंब असलं की उत्तर आलं नाही म्हणून कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. आमच्या घरी हे मी स्वतः सुरू केलंय, फ्रिजवर तीन चुंबकं, अन् सांगते, आमच्यात कोणी ऑटिस्टिक नाही तरी मे महिन्यात, कूलर घरघरत असताना अन् लाईट जाऊन-येऊन असताना लाल चुंबक दिवसाला चारदा लागतं. हिरवं तर आमच्या यांनी अजून एकदाही लावलेलं नाही, त्यांना सुरुवात करायला कधी अडचणच आली नाही.

तुझ्या रात्रीच्या दोन वाजण्याबद्दल. रात्री दहा नंतर अॅडमिन नाही, हे वर लिहूनच टाक. तुम्ही तिघं-चौघं असाल तर आठवडे वाटून घ्या, ज्याचा आठवडा त्याने बघायचं, बाकीच्यांनी बघायचंच नाही. अन् तू एका ओळीत लिहिलेलं की दोनदा कोणीतरी मध्यरात्री "जगून काय करू" असं लिहिलं अन् तू पहाटेपर्यंत त्याच्याशी बोलत बसलीस, ते वाचून मी पेन खाली ठेवला. ते तू केलंस, त्याबद्दल काय बोलू. पण एकटीने परत करू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो वर पिन असू दे, अन् अशावेळी दुसऱ्या अॅडमिनला उठवायचं असं आधीच ठरवून ठेवा. फोनवर बोलणंच ज्याला जमत नाही त्याच्यासाठी घरातलं किंवा मित्रातलं एक माणूस कोण, हे त्याला चांगल्या दिवशी विचारून ठेवलेलं बरं.

त्या मुलाचं राहिलं, ज्याचा स्क्रीनशॉट फिरला. त्याला तू अजून काही लिहिलेलं नाहीस, "काय लिहू कळत नाही, शब्द चुकले तर" म्हणतेस. शब्द चुकू दे. असं लिही: "तुझं लिखाण बाहेर गेलं, ती चूक झाली, ग्रुप माझा होता म्हणून माझी पण. त्या बाईला काढलंय. नवा छोटा ग्रुप करतोय, जुनेच लोक. यायचं असेल तर ये, नसेल तर नको, उत्तर नाही दिलं तरी चालेल." मायना नाही, काळजी घे नाही, कसा आहेस नाही. मी असा मेसेज माझ्या बहिणीला पाठवला तर ती विचारेल काय झालं, रागावलीस का. त्याला मात्र तो बरोबर वाटेल असा माझा अंदाज आहे, अन् तुला तर माझ्यापेक्षा चांगलंच कळतं.

आता आई अन् "खरी माणसं". इथे मला आधी माझंच एक सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी याच सदरात एका मुलाला मी लिहिलं होतं की मोबाईल ठेव अन् संध्याकाळी अंबाझरीला फिरायला जाणाऱ्या एखाद्या घोळक्यात सामील हो, चार माणसांत गेलं की बरं वाटतं. सहा महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. "ताई, दोनदा गेलो. नऊ जण एकाच वेळी बोलत होते, शेजारी हॉर्न, मी तासभर हसत राहिलो कारण सगळे हसत होते, घरी येऊन दोन दिवस अंधारात झोपून होतो. तुम्ही म्हणालात बरं वाटेल, ते कधी वाटतं?" मी तेव्हा लाजले, अजूनही त्या रस्त्याने गेले की लाजते. त्याच्याच एका ओळीवरून मी ऑटिस्टिकसाठी "स्वमग्न" हा शब्द लिहिणं सोडलं. तो म्हणाला, मी स्वतःत मग्न कधी असतो, मी तर सारखा तुमच्याकडेच बघत असतो, तुम्ही काय करताय ते कळावं म्हणून.

डॅमियन मिल्टन नावाचा एक ब्रिटिश अभ्यासक आहे, स्वतः ऑटिस्टिक, त्याने २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही हे अर्धंच खरं, दुसऱ्यांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही, अडचण दोन्हीकडून आहे. पुढे २०२० मध्ये एडिनबरोच्या काही लोकांनी आपल्या कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला, आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोहोचली जितकी ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीत, मिश्र साखळीत जास्त गळाली. नंतर जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग झाला तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही, तेव्हा तो मुद्दा फार ताणू नये, पण ऑटिस्टिक माणसं एकमेकांशी नीट बोलू शकत नाहीत असं दोन्ही वेळा निघालं नाही. हे आईला वाचून दाखवायचं तर दाखव, मला नाही वाटत त्याने काही होईल. आयांचं मत कानगोष्टीच्या प्रयोगाने बदलत नाही.

त्यापेक्षा तिला ते कडबी चौकातलं सांग. तूच लिहिलंयस, डिसेंबरात ग्रुपवरचे तिघं नागपुरात आले, तुम्ही चौघं मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियमला गेलात, दोन तास फिरलात, त्यातला दीड तास कोणी काही बोललं नाही, एक जण इंजिनाच्या चाकांजवळ उकिडवा बसून राहिला, दुसरी कानाला हेडफोन लावून बाकावर, तू एका जुन्या डब्याच्या लाकडी बाकावरून हात फिरवत होतीस, अन् जाताना प्रत्येकाने "मस्त झालं" असं लिहिलं. बोललं नाही, लिहिलं, शेजारी उभं राहून. ही माणसं खोटी कशी गं? शेजारच्या काकू हळदीकुंकवाला येऊन अर्धा तास बोलतात अन् तू कोणत्या कंपनीत आहेस ते त्यांना अजून ठाऊक नसेल, अन् या माणसांना तुझ्या आजोळच्या स्टेशनवरच्या घड्याळाचा किस्सा पाठ आहे.

आईचं पूर्ण चूक मात्र नाही, हे मला तुझ्याशी खोटं न बोलता सांगायला हवं. ती मोबाईल म्हणते तेव्हा तिला तुझे डोळे दिसतात, न जेवलेलं ताट दिसतं, सकाळी दहाला उठणं दिसतं. तिने त्याला "खरी माणसं नाहीत" असं चुकीचं नाव दिलंय, पण पाहिलंय ते बरोबर. तू थकलीयेस. १४० जणांनी थकवलंय, ११ जणांनी नाही, एवढा फरक तिला कळायला मार्ग नाही कारण दोन्ही एकाच मोबाईलमधे आहेत. जागा लहान झाली, दहाला दिवा मालवला, ताटावर बसलीस, की बघ ती काही म्हणते का.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांपैकी जे असल्या ग्रुपमधे अॅडमिन नाहीत, नुसते आत जायला बिचकताहेत, त्यांना सांगते, वाचत राहा, महिना-दोन महिने नुसतं वाचलं तरी चालतं, तिथे तशी पद्धतच आहे. खरं नाव, गल्ली, ऑफिस पहिल्या दिवशी देऊ नका. कोणी खासगीत येऊन लगेच फार जवळीक करायला लागला, पैसे मागायला लागला, किंवा "हे अॅडमिनला सांगू नको" म्हणाला, तर त्याच मिनिटाला अॅडमिनला सांगा, अन् पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. अन् एखाद्या ग्रुपमधे गेल्यावर आधीपेक्षा जास्त थकून बाहेर येत असाल तर तो ग्रुप ऑटिस्टिक लोकांचा असला तरी तुमचा नाही. निघा. व्हॉट्सअॅपवर आता गुपचूप निघता येतं, नोटिफिकेशन फक्त अॅडमिनला जातं. अॅडमिनला ते जाणं मात्र दिसतं बरं का, छोटी लाईनने सहा जणांचं तसं जाणं एकटीने पाहिलंय, तेव्हा जमलं तर एक ओळ टाकून जा.

घाई करू नकोस. आधी उरलेल्या जुन्यांना विचार, मग त्या मुलाला ते लिही, ग्रुपचं नाव सगळ्यात शेवटी बदल.

आणि हो, तू म्हणालीस इतवारी ते नागभीड सगळी स्टेशनं तुला क्रमाने पाठ आहेत. मी काल भाजी चिरताना प्रयत्न केला, इतवारी, मग कुही, उमरेड, भिवापूर, नागभीड, मधली सगळी गळाली. २०१९ ला लाईन बंद झाली तेव्हापासून कोणाला विचारावं तेही कळत नव्हतं. उत्तर लिहायला वेळ झाला की ती क्रमाने लिहून पाठव, थांबा किती मिनिटांचा असायचा तेही, जेवढं लांब लिहायचंय तेवढं लांब.

तुझी ताई